लहान नळीवरचा आळ

ब्रिटन आणि अमेरिकेत छऱ्याच्या बंदुकीचं सगळं जग १२ बोअरभोवती फिरतं. सर्वांत स्वस्त काडतुसं तिची, दुकानात सर्वांत जास्त निवड तिच्यात, आणि इतर नळ्यांचं बरंवाईट ठरतं तेही तिच्याशी ताडून. २० बोअरला निदान धाकट्या बहिणीचा मान मिळतो. २८ बोअर आणि फोर-टेन, म्हणजे ०.४१० इंच व्यासाची नळी, यांच्याबद्दलचं मत मात्र केव्हाच ठरून गेलेलं आहे. ही खेळणी आहेत. शिकारीला नेली तर पक्षी धड मरत नाहीत, जखमी होऊन झुडपात तडफडतात. उंदीर-सशांवर वापरली तर काम अर्धवट राहतं. नेमबाजीत हवेत उडवलेल्या तबकड्यांवर चालवली तर हाताने गुण घालवल्यासारखं होतं. यातले शेवटचे दोन आरोप गैरसोयीचे आहेत, ते ज्याचे त्याने पाहावेत. पहिला आरोप क्रौर्याचा आहे. तो खरा असेल तर या बंदुकांना रानात जागाच नाही, मग त्या हातात कितीही हलक्या आणि दिसायला कितीही देखण्या असोत. म्हणून त्याचं उत्तर हौसेने किंवा परंपरेच्या हवाल्याने देऊन भागणार नाही. ते आकड्यांनीच द्यावं लागेल, आणि माझ्या मते आकडे आरोपाच्या विरुद्ध जातात.

गैरसमजाचं मूळ नळीच्या व्यासाला ताकद समजण्यात आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातल्या एका गोळीचा जो व्यास, तो १२ बोअरचा व्यास, सुमारे १८.५ मिलिमीटर. अठ्ठावीस गोळ्या केल्या तर व्यास १४ मिलिमीटरच्या आसपास येतो. फोर-टेन या हिशेबात बसत नाही, तिचा व्यास थेट इंचात सांगतात. मिलिमीटरमध्ये तो १०.४ होतो, आणि जुन्या पद्धतीने मोजलंच तर ती साधारण ६७ बोअरची ठरेल. इतक्या बारीक नळीतून निघालेला मारा दुबळा असणार असं वाटणं स्वाभाविक आहे. पण या सगळ्या नळ्यांतून छर्रे साधारण सारख्याच वेगाने निघतात, सेकंदाला १२०० फुटांच्या आगेमागे. ६ नंबरचा एक छर्रा १२ बोअरमधून सुटला काय आणि फोर-टेनमधून सुटला काय, ३० यार्डांवर पोचल्यावर त्याचं वजन तेच, वेग जवळपास तोच आणि मांसात घुसण्याची क्षमताही तीच. फरक असतो तो छऱ्यांच्या संख्येत. १२ बोअरच्या नेहमीच्या काडतुसात २८ ते ३२ ग्रॅम छर्रे असतात, २८ बोअरच्या काडतुसात २१ ग्रॅम आणि फोर-टेनच्या अडीच इंची काडतुसात १४ ग्रॅम, म्हणजे जेमतेम अर्धा औंस. तेव्हा लहान नळी कमी जोराने मारते हे म्हणणंच चूक आहे. ती कमी छऱ्यांनी मारते. खरा प्रश्न इतकाच की ते कमी छर्रे किती अंतरापर्यंत पुरेसे दाट राहतात.

हे मोजण्याची रीत शंभराहून अधिक वर्षं रुळलेली आहे. ठरावीक अंतरावरच्या पत्र्यावर किंवा कागदावर बार काढायचा आणि ३० इंच व्यासाच्या वर्तुळात किती छर्रे पडले ते मोजायचे. फेझंट, तितर किंवा रानकबुतर यांच्यासाठी या वर्तुळात साधारण १२० ते १३० छर्रे हवेत असं ब्रिटनमध्ये मानलं जातं. आता हिशेब करू. ब्रिटिश ६ नंबरचे एका औंसात २७० छर्रे बसतात, म्हणजे फोर-टेनच्या अर्ध्या औंसात १३५. नळीचं तोंड पूर्ण आवळलेलं, म्हणजे फुल चोक, असेल तर ३० यार्डांवर जवळपास सगळेच छर्रे वर्तुळात पडतात, असं नेहमीचे तक्ते सांगतात. हे होतात १३५ च्या आसपास. फोर-टेन ३० यार्डांवर काठावर पास होते, आणि ४० यार्डांवर ७० टक्क्यांच्या हिशेबाने ९४ वर येऊन साफ नापास होते. २८ बोअरचं चित्र वेगळं आहे. पाऊण औंसात २०२ छर्रे, फुल चोकने ४० यार्डांवर १४१. आता असंख्य शिकारी रोज वापरतात ती जोडणी घ्या, १२ बोअर, एक औंस छर्रे आणि किंचितच आवळलेलं तोंड. ४० यार्डांवर तिचे निम्मे छर्रे वर्तुळात येतात, म्हणजे १३५. जी बंदूक क्रूर म्हणून हिणवली जाते आणि जी पुरेशी म्हणून गौरवली जाते, त्या दोघींचे आकडे ४० यार्डांवर शेजारी-शेजारी बसतात. हा कागदावरचा हिशेब झाला, हे मान्य. बारीक नळीत छऱ्यांची रास उंच आणि सडपातळ होते, अधिक छर्रे नळीला घासून चेपतात आणि चेपलेला छर्रा भरकटतो. प्रत्यक्ष बारात तक्त्यातली टक्केवारी बहुधा मिळत नाही. म्हणून प्रत्येक आकड्यातून पाच यार्ड वजा करावेत आणि फोर-टेनची हद्द २५ यार्ड, २८ बोअरची ३५ यार्ड धरावी. एवढी वजाबाकी करूनही उत्तर बदलत नाही. दोन्ही बंदुकांना हद्द आहे, तशी १२ बोअरलाही आहे.

मग पक्षी जखमी होऊन का उडून जातात? याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत चांगलं उत्तर डेन्मार्कमधून आलं, आणि त्यात लहान नळीचा संबंधच नाही. स्वालबार्ड बेटांवर वीण घालून गुलाबी पायांचे कलहंस दरवर्षी डेन्मार्कमार्गे दक्षिणेकडे येतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या संशोधकांनी जिवंत पकडलेल्या कलहंसांची क्ष-किरण तपासणी केली. मोठ्या पक्ष्यांपैकी सुमारे ३६ टक्क्यांच्या आणि पहिल्या वर्षाच्या पक्ष्यांपैकी सुमारे २५ टक्क्यांच्या अंगात छर्रे सापडले. हे बार लागूनही जगलेले पक्षी. बार लागून नंतर मेलेले या मोजणीत नाहीत. डेन्मार्कमध्ये कलहंसांमागे कोणी फोर-टेन घेऊन जात नाही, १२ बोअर हीच तिथली सर्वसाधारण बंदूक. सरकार आणि शिकारी संघटना यांनी १९९७ पासून एकत्र मोहीम घेतली, आणि तिचा मुख्य भर अंतरावर होता. जवळून मारा, कलहंसांवर २५ मीटरच्या पलीकडे बार काढू नका, असं शिकाऱ्यांना सांगण्यात आलं. पुढच्या वर्षांत कोवळ्या पक्ष्यांमधलं छर्रे असण्याचं प्रमाण ठळकपणे उतरलं, निम्म्याच्या आसपास आलं. यावर कोणी म्हणेल की यातून फोर-टेन निर्दोष ठरत नाही. बरोबर, ठरत नाही. पण जिला आपण पुरेशी बंदूक म्हणतो तिनेच एवढी इजा केली होती आणि ती कमी झाली ते बोअर न वाढवता, अंतर घटवल्यामुळे, एवढं यातून नक्की दिसतं. क्रौर्याचं कारण अंतर असेल तर शिक्षा नळीच्या व्यासाला देण्यात अर्थ नाही.

कायद्याचा इतिहासही हेच सांगतो. चेसापीक उपसागरात बाजारासाठी बदकं मारणारे लोक होडीवर बसवलेल्या तोफेएवढ्या बंदुकांनी एका बारात थवेच्या थवे खाली आणत. त्या कत्तलीनंतर अमेरिकेने स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीचे नियम केले, आणि बंदुकीच्या व्यासावर त्यात वरची मर्यादा आली: १० बोअरहून मोठी नळी चालणार नाही. खालची मर्यादा संघराज्याच्या नियमात आजही नाही. ब्रिटनच्या १९८१ च्या वन्यजीव कायद्यानेही पावणेदोन इंचांहून रुंद नळीला मनाई केली. जिथे लहान नळी खरोखर अपुरी आहे तिथे मात्र कायदा गप्प बसलेला नाही. इंग्लंडमध्ये पिकाची नासाडी करणाऱ्या हरणावर अपवाद म्हणून छऱ्याची बंदूक वापरायची वेळ आली तर ती १२ बोअरहून लहान असता कामा नये, असं हरणांविषयीचा १९९१ चा कायदा सांगतो, आणि आत काय भरायचं तेही ठरवून देतो. म्हणजे व्यासाला महत्त्व आहे तिथे कायद्याने ते दिलं आहे. पक्ष्यांच्या बाबतीत दिलेलं नाही.

आक्षेपकांचा पुढचा मुद्दा अधिक हुशारीचा आहे. हद्दी कागदावर ठीक, पण माणूस रानात यार्डपट्टी घेऊन जात नाही. तो चुकणार, आणि चुकणाऱ्याच्या हाती जास्त छर्रे असलेले बरे, असं ते म्हणतात. यात तथ्य आहे, पण अर्धंच. जास्त छऱ्यांनी चूक पोटात घातली जाते तशीच लांबवरचा बार काढायची हावही वाढते, आणि डेन्मार्कच्या त्या कलहंसांच्या अंगात सापडलेले छर्रे या हावेचेच आहेत. जास्त छर्रे हा सुरक्षेचा उपाय असता तर १२ बोअरने जखमी केलेले पक्षी मोजायची वेळच आली नसती. शिवाय फुल चोकच्या फोर-टेनने २० यार्डांवर नेम चुकला तर बार बहुधा पूर्णच हुकतो, कारण तिथे छऱ्यांचा घेर लहान आणि दाट असतो. लांबवर विरळ पसरलेल्या घेराच्या कडेचे दोन-तीन छर्रे लागून उडून गेलेला पक्षी हा खरा जखमी पक्षी.

पण याच जागी आक्षेपकांचा एक मुद्दा पूर्ण मान्य केला पाहिजे. त्यांनी तो स्वतःच्या घरात लागू केला असता तर आणखी बरं झालं असतं. कमी छर्रे आणि लहान घेर म्हणजे नेमबाज चांगला हवा. तसं असेल तर ही बंदूक कसलेल्या हातात असावी. प्रत्यक्षात काय होतं? खेळणं म्हणून जिची टिंगल होते तीच फोर-टेन दहा-बारा वर्षांच्या मुलाला पहिली बंदूक म्हणून दिली जाते, कारण ती हलकी आहे आणि खांद्याला धक्का कमी देते. मूल वीस तबकड्यांपैकी तीन फोडतं आणि आपल्याला जमत नाही असं समजून बसतं. हलकी बंदूक झोकात पुढे पळते आणि मधेच अडते, हेही त्याला कोणी सांगत नाही. धक्काच कमी करायचा असेल तर १२ बोअरमध्ये नवशिक्यांसाठीची २१ ग्रॅमची काडतुसं मिळतात. जरा वजनदार २८ किंवा २० बोअरही चालेल. शिकाऊ मुलाला सर्वांत अवघड बंदूक देऊन वर तीच बंदूक कुचकामी ठरवायची, हा दुहेरी अन्याय आहे.

तबकड्यांबद्दल फार बोलायची गरज नाही, तिथे निकाल फळ्यावरच लिहिलेला असतो. तबकड्यांच्या स्कीट या अमेरिकी खेळात १२, २०, २८ आणि फोर-टेन अशा चारही नळ्यांच्या स्वतंत्र स्पर्धा होतात. फोर-टेनच्या अर्ध्या औंसात अमेरिकी ९ नंबरचे २९० च्या आसपास छर्रे बसतात आणि स्कीटची तबकडी साधारण २१ यार्डांच्या टापूत फुटते. एवढ्यावर शंभरपैकी शंभर तबकड्या फोडणारे नेमबाज आहेत, आणि चारही नळ्या मिळून चारशेपैकी चारशेही नोंदले गेले आहेत. फोर-टेनची सरासरी १२ बोअरपेक्षा कमीच राहते, पण तो फरक कौशल्य तपासणारा आहे, म्हणून तर ती स्पर्धा टिकून आहे. ट्रॅपची गोष्ट निराळी. तिथे तबकडी नेमबाजापासून दूर पळत ३५ यार्डांच्या आसपास फुटते, आणि तिथे फोर-टेन नेणारा स्वतःच्या जबाबदारीवर नेतो. जास्त छर्रे म्हणजे जास्त गुण हा समज आंतरराष्ट्रीय स्पर्धांनीही मोडीत काढला आहे. ऑलिंपिक प्रकारांत काडतुसातल्या छऱ्यांचं वजन टप्प्याटप्प्याने २४ ग्रॅमवर आणलं गेलं, आणि त्यानंतरही १२५ पैकी १२५ गुण होतच राहिले. राज्यवर्धन राठोड यांचं २००४ च्या अथेन्समधलं डबल ट्रॅपचं रौप्य याच २४ ग्रॅमच्या मर्यादेतलं. २४ ग्रॅम हे वजन २८ बोअरच्या २१ ग्रॅमपासून किती दूर आहे, ते वाचकानेच पाहावं.

उपद्रवी प्राण्यांच्या बंदोबस्तात तर लहान नळी नाइलाजाने वापरली जाते हा समजच उलटा आहे. इथे अनेकदा १२ बोअर नाइलाजाची ठरते. ब्रिटनमधल्या धान्यकोठारात उंदीर पाच ते पंधरा यार्डांवर असतो. तिथे एक औंस छर्रे झाडणं म्हणजे पत्रे, पोती आणि दिवे यांच्यावर बार काढणं. करड्या खारींचंही तेच. १८७६ मध्ये चेशरमधल्या एका बागेत हौसेने सोडलेला हा अमेरिकी प्राणी आज बीच, ओक आणि सायकामोर यांची साल सोलून झाडं मारतो. खाद्यपेटीवर येणारी खार पंधरा-वीस यार्डांवर बसलेली मिळते. आवाज दाबणारी नळी लावलेली फोर-टेन घेऊन शांतपणे काम करता येतं, शेजारच्या शेतातली गुरं बिथरत नाहीत. मटारच्या किंवा मोहरीच्या शेतावर उतरणारी रानकबुतरं हा मात्र वेगळा मामला. बनावट पक्षी मांडून ती २० यार्डांवर खेचली तर २८ बोअर पुरते. उंचावरून, वाऱ्यावर आडव्या जाणाऱ्या थव्यावर १२ बोअरच घ्यावी. लहान नळीच्या बाजूने बोलताना हे लपवण्यात काही हशील नाही. जुन्या पक्षिसंग्राहकांचाही दाखला द्यायला हवा. संग्रहालयासाठी लहान पक्ष्यांची कातडी शाबूत हवी असल्याने ते फोर-टेनसारख्या बारीक नळ्या आणि धुळीसारखे बारीक छर्रे वापरत. पक्षी स्वच्छ मारायचा आणि त्याच्या चिंध्या करायच्या नाहीत, ही अट १२ बोअरला पाळता येत नव्हती.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र नव्या काळाचा आहे, आणि इथे मला माघार घ्यावी लागते. शिसं विषारी आहे. पाणपक्षी खडे समजून छर्रे गिळतात आणि मरतात. म्हणून अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाला देशभर बंदी घातली, डेन्मार्कने १९९६ मध्ये ते पूर्णच हद्दपार केलं, युरोपीय संघाने २०२३ पासून पाणथळ जागांवर मनाई केली, आणि २०२५ च्या जुलैत ब्रिटिश सरकारनेही शिशाच्या छऱ्यांवर निर्बंध आणण्याचा निर्णय जाहीर केला. पर्याय म्हणून स्वस्तात मिळतं ते पोलाद. शिशाची घनता ११.३, पोलादाची ७.८. तेवढाच मारा हवा तर छर्रा मोठा घ्यावा लागतो, आणि मोठे छर्रे बारीक काडतुसात आणखी कमी बसतात. फोर-टेनमध्ये पोलाद भरून फेझंटच्या शिकारीला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. इथे आक्षेपक बरोबर आहेत. पण यातूनही नळी दोषी ठरत नाही. अमेरिकेतल्या टर्की-शिकाऱ्यांनी टंगस्टनचे, १८ च्या आसपास घनतेचे छर्रे घेतले तेव्हा फोर-टेन एकदम त्या मोठ्या पक्ष्याला पुरेशी ठरली, कारण टंगस्टनचा ९ नंबरचा बारीक छर्रा शिशाच्या बऱ्याच मोठ्या छऱ्याइतका खोल जातो. पूर्वी तिला मनाई करणाऱ्या काही राज्यांनी नियम सैल केले. नळी तीच, व्यास तोच, बदलला तो छर्रा. किंमत जबर आहे, पण एका टर्कीला एक काडतूस लागतं. बिस्मथ, घनता सुमारे ९.६, हा मधला मार्ग २८ बोअरला नीट जमतो.

महागाईचा आक्षेप खरा आहे: २८ आणि फोर-टेनची काडतुसं कमी खपतात म्हणून महाग पडतात. धोक्याचा आक्षेपही खरा आहे. २० बोअरचं काडतूस चुकून १२ बोअरमध्ये गेलं तर ते पुढे घसरून नळीत अडकतं, मागून १२ चं काडतूस भरून घोडा ओढला की नळी फुटते. म्हणूनच अमेरिकेत २० बोअरची काडतुसं पिवळ्या रंगात करतात. एका खिशात दोन प्रकारची काडतुसं ठेवू नयेत, एवढं त्यावर पुरे.

महाराष्ट्रातल्या वाचकाने हे सगळं उचलून आपल्या रानात नेऊ नये. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि पीकसंरक्षणाचा प्रश्न मुख्यतः रानडुक्कर आणि नीलगाय यांचा आहे. रानडुकरावर बारीक छऱ्यांचा बार काढणं हे कोणत्याही बोअरच्या बंदुकीने क्रौर्यच आहे, मग ती नळी १२ ची असो की २८ ची. कोकणात किंवा विदर्भात परवान्यावरची बारा बोअर पाहून ‘हीच लहान केली तर चालेल का’ असा प्रश्न कोणाच्या मनात आला, तर या लेखाचं उत्तर नाही असं आहे. इथे मांडलेलं सगळं पक्षी, ससे, खारी, उंदीर आणि तबकड्या यांच्यापुरतं आहे, आणि जिथे कायदा परवानगी देतो तिथलं आहे.

ब्रिटनमध्ये शिशाऐवजी काय, यावर नवे नियम घडत असताना लहान नळ्यांवर सरसकट बंदीची सूचना पुन्हा डोकं वर काढील. नियम करणाऱ्यांनी तेव्हा डेन्मार्कचा मार्ग धरावा. प्रत्येक छऱ्यासाठी आणि प्रत्येक पक्ष्यासाठी कमाल अंतर ठरवून द्यावं, आणि परवाना देण्याआधी शिकाऱ्याला त्या अंतरावर नेम लावून दाखवायला सांगावं. फोर-टेनवाल्यांनीही हंगामाआधी एकदा कागद ताणून २५ यार्डांवर बार काढावा आणि वर्तुळातली भोकं मोजावीत. १२० च्या खाली भरली, तर त्या काडतुसाने त्या अंतरावर पक्षी मारू नये.